उलटी अक्षरं

कुंदाने गाडी घेतली ती मुरारच्या
एका बंद पडलेल्या नर्सिंग होमच्या मागून,
सायरन सोडून.
स्ट्रेचरच्या जागी आम्ही दोन बाकं ठोकली,
सलाइनच्या हुकाला कांद्यांची पिशवी,
सिलिंडरच्या कोनाड्यात शेगडी,
आणि बाहेरून सायीच्या रंगाचे दोन हात.

तरी दुपारच्या उन्हात
रंगाखालून ती लाल अक्षरं वर येतातच,
उलटी, पुढच्याच्या आरशासाठी लिहिलेली.
झाशी रोडवर ट्रक आपणहून बाजूला होतात.
कुंदा म्हणते, बघ, साठी उलटली तेव्हा कुठे
लोक वाट द्यायला लागले.

आंतरीच्या चहावाल्याने पैसे घेतले नाहीत.
पेशंट कसा आहे, एवढंच विचारलं, हळू आवाजात.
कुंदाने मागे कांद्यांकडे पाहिलं,
म्हणाली, आता बरं आहे.
डबऱ्यापर्यंत आम्ही हसत होतो.
मग मी गप्प झाले.
अशाच एका गाडीत मी यांच्या पायाशी बसले होते,
दाल बाजार ते कंपू.
तेव्हा कोणी बाजूला झालं नव्हतं.

नरवरला किल्ला डोंगरावर आडवा पसरलेला,
जेवून लवंडलेल्या म्हाताऱ्यासारखा.
पानवाला म्हणाला, इथला राजा जुगारात सगळं हरला
आणि परमुलखात दुसऱ्याचा रथ हाकत राहिला.
कुंदा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाली,
पगार तरी मिळत होता का त्याला?

रात्री पत्र्यावर थापा पडल्या.
हरगोविंद कुशवाह, खांद्यावर मफलर, पायात काही नाही.
म्हैस अडली होती. गावात वीज नव्हती.
आम्ही डॉक्टर नाही हो, मी सांगितलं,
ही अक्षरं जुनी आहेत.
तो थोडा वेळ उभा राहिला.
मग म्हणाला, "तो उजाला ही दे दो, बहनजी."

जुन्या वेशीतून कुंदाने गाडी काढली,
दोन्हीकडे वीतभरसुद्धा जागा नाही,
एक आरसा तिथेच राहिला.
गोठ्याच्या तोंडाशी दिवे लावले.
त्याची आई, रतीबाई, कोपरापर्यंत बांगड्या सारून
म्हशीशी बोलत होती,
शिव्या देत होती की गोंजारत होती, कळलं नाही.
भिंतीवर तिची सावली किल्ल्याएवढी.
मी काहीच केलं नाही.
शेपटी धर म्हणाली, मी धरली.
तीनच्या सुमारास पारडी पडली,
ओली, काळी, दिव्यांकडे बघत.
आणि दिवे पिवळे झाले, मग तांबडे,
मग बॅटरी गेली.

सकाळी अख्खी आळी ढकलायला.
शिंपी सलीमभाई टेप गळ्यात तसाच घेऊन,
लुंगीतला हवालदार,
आणि एक पोरगा जो ढकलत नव्हता,
फक्त गाडीला हात लावून पळत होता.
तिसऱ्या वेळेला इंजिन खोकलं.
सगळे असे ओरडले, जणू पुन्हा काहीतरी जन्मलं.

रतीबाईने चिकाची चरवी आणली.
कुंदाने शेगडीवर गूळ, वेलदोडा घालून खरवस लावला.
आम्ही म्हटलं खरवस, त्या म्हणाल्या पेवसी,
दोघींनी एकमेकींचा शब्द तोंडात घोळवून पाहिला
आणि आपापलाच ठेवला.
पोरांनी पारडीचं नाव ठेवलं, अम्बूलेंस.
हाक मारली की ती वळत नाही, म्हैस वळते.

अक्षरांवर तिसरा हात द्यायला
रंगाचा एक डबा आम्ही जवळ ठेवला होता.
निघताना कुंदाने तो हरगोविंदच्या हातात दिला.
दार कोरडं पडलंय तुमचं, म्हणाली.

करेऱ्याच्या वळणापर्यंत गाडीत दुधाचा वास.
मी डावीकडे पाहिलं,
आरसा नव्हता तिथे,
नुसताच दांडा, आणि वारा.